विल्सबाईंचे निबंध आणि आपली लाल गोळी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीवर लेख असावा ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे आणि ती चांगलीच आहे. पण जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांच्यावर आजवर इतके उत्तम लिहून झाले आहे की सातवी शिकलेल्या माझ्यासारखीने त्यात आणखी कसली भर घालावी? म्हणून यंदा मी एका परक्या देशातल्या बाईंवर लिहिते आहे. त्या राणी नव्हत्या, त्यांनी तुरुंगवास भोगला नाही, आपल्या भागात त्यांचा पुतळा नाही. मात्र त्यांनी काम केले ते आपल्या परळात, आणि आपल्याच आज्या-पणज्यांच्या रक्तावर. हे मी शोभेसाठी म्हणत नाही. बोटातून, दंडातून काढलेल्या खऱ्या रक्ताविषयीच लिहिते आहे. त्यांचे नाव डॉक्टर लूसी विल्स.

माझी भाची वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघी बसत असू. ती इंग्रजी कागद वाचून अर्थ सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. तेव्हा यात शास्त्र आहे ते तिचे आणि मराठी आहे ते माझे असे समजावे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मलाच ती आधी ठाऊक नव्हती. संशोधक लोक जे काम करतात ते 'शोधनिबंध' म्हणून मासिकांत छापतात. निबंध म्हटल्यावर मला शाळेतला 'माझी आवडती ऋतू' आठवला! पण हा निबंध निराळा. आपण एखादा पदार्थ चांगला जमला तर काय काय आणि किती घातले, आच किती ठेवली, शेवटी कसा झाला हे वहीत लिहून ठेवतो आणि शेजारणीला देतो, तसा हा प्रकार. शेजारीण तो करून पाहते. तिला जमला तर कृती खरी, नाही जमला तर कुठे काय चुकले ते तपासायचे. संशोधकाची थोरवी त्याच्या पदव्यांवरून ठरत नाही. त्याची कृती पुढे किती जणांनी करून पाहिली, आणि त्यावरून नवे काय केले, यावरून ठरते. विल्सबाईंच्या निबंधांचे मोजमाप मी याच मापाने करणार आहे.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घर सुखवस्तू होते. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या आणि १९११ मध्ये परीक्षा उतरल्या. परीक्षा उतरल्या खऱ्या, पण पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी बायकांना पदवीच देत नसे. ती देऊ लागले १९४८ साली. सुधारलेल्या देशाची ही तऱ्हा! पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे केपटाउनच्या इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा केली आणि मग परत येऊन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले. १९२० मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा वय बत्तीस. आपल्याकडे तिशी उलटली की "आता काय शिकायचे राहिले?" असे म्हणतात, ते येथे आठवावे. डॉक्टर होऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात प्रयोगशाळेत राहून रोगांची कारणे शोधणे हे काम त्यांनी पत्करले.

त्या वेळी मुंबईत काय चालले होते? गिरण्या जोरात होत्या. आपल्यापैकी कितीजणींच्या आज्या-पणज्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत कामाला होत्या. माझी पणजीही होती. घरात तिच्याविषयी दोनच गोष्टी सांगत: खात्यातल्या नायकिणीला ती कशी वचकून असे, आणि धाकट्या जावेला बाळंतपणात कशी गमावली. "पांढरी फटक पडली आणि गेली," एवढेच त्या मरणाचे वर्णन. पांढरी फटक पडून गेलेल्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे पाचवीला चुकले, कुणी म्हणे बाहेरचे काही असेल. अशा मरणांची नीट नोंद आणि चौकशी व्हावी म्हणून मुंबईच्या हाफकिन संस्थेत बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास सुरू झाला. त्यात पुढाकार होता डॉ. मार्गारेट बॅल्फर यांचा. या बाईंनी हिंदुस्थानात अनेक वर्षे स्त्रियांच्या इस्पितळांचे काम केले होते. त्यांनीच १९२८ मध्ये विल्सबाईंना मुंबईस बोलावून घेतले.

हाफकिन संस्थेची परळची इमारत आपण सर्वजणी येता-जाता बघतो. पूर्वी तो गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथेच पटकीने वारली. १८९९ पासून त्या जागेत डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. प्लेगच्या लशीमुळे ती वास्तू प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच छपराखाली आपल्या पांढऱ्या फटक पडणाऱ्या बायकांचाही शोध लागला, हे आपल्या भागातल्या फारच थोड्यांना माहीत असेल.

आता रोग काय होता ते सांगते. रक्तात तांबड्या पेशी असतात हे सर्वांना ठाऊक आहे. लोह कमी पडले की या पेशी लहान आणि फिक्या होतात. पण विल्सबाईंकडे येणाऱ्या पुष्कळ गर्भवतींचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली निराळे दिसे. पेशी संख्येने फार थोड्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. भाचीने मला कारण सांगितले ते मी कणकेच्या भाषेत समजून घेतले. गोळा फुगत जातो, पण त्याचे दोन गोळे होत नाहीत. पेशीची वाटणी होण्यास जे लागते तेच शरीरात नसते. मग बाईला धाप लागते, जीभ सोलवटते, अन्नावरची वासना जाते, आणि बाळंतपणात जरासे रक्त गेले तरी जीव राहत नाही. या दुखण्याला डॉक्टर 'गर्भारपणातील घातक पांडुरोग' म्हणत. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांत तो जास्त आढळे.

मला सर्वांत भावले ते विल्सबाईंनी यापुढे काय केले ते. जंतूंमुळे हे होते काय याची त्यांनी तपासणी केली आणि ती शंका बाजूला ठेवली. आणि मग त्या चुलीपाशी आल्या. बायका काय खातात? रोज किती खातात? दूध मिळते का, पालेभाजी मिळते का, तांदूळ कसला, पाव कसला? वेगवेगळ्या धर्मांच्या आणि वेगवेगळ्या मिळकतीच्या घरांतील बायकांची अशी पाहणी झाली. एका पांढऱ्या मडमेने येऊन चाळीतल्या बाईला "काल रात्री काय जेवलीस?" असे विचारावे, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणून बघा. आपल्यात गर्भारशी बाईचे डोहाळे विचारतात, ओटी भरतात, वाडीला हिरवी साडी नेसवतात. पण रोजच्या ताटात तिला शेवटी काय उरले, हे कोण विचारतो?

या कामाचे पहिले दोन निबंध १९३० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या मासिकात आले. पहिल्यावर विल्स यांच्या जोडीला मेहता हे नाव आहे आणि दुसऱ्यावर तळपदे. दुसरा निबंध मुंबईतील स्त्रियांच्या आहाराचा आणि राहणीचा आहे. हे 'तळपदे' नाव ऐकून मी भाचीला पुन्हा वाचायला लावले. आपल्या मुंबईचे हे आडनाव तिथे विल्सबाईंच्या खांद्याला खांदा लावून छापलेले आहे! डॉ. बॅल्फर यांच्याबरोबरही तळपदे या नावाने त्याच वर्षी गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणांवर निबंध आला आहे. घरोघरची भाषा, चालीरीती, लाज-संकोच हे सारे समजून घेणारे इथले कुणी सोबत नसते, तर परदेशी डॉक्टरीणबाईंना ताटातली खरी गोष्ट कळली असती, असे मला तरी वाटत नाही.

पाहणीत निघाले ते असे: जिचे जेवण सर्वांत निकृष्ट, तिला हा रोग होण्याचा संभव सर्वांत अधिक. गरीब मुसलमान घरांतल्या बायकांची स्थिती या दोन्ही बाबतींत सर्वांत वाईट आढळली. यात धर्माचा दोष काही नाही. त्यांच्या ताटात सकस असे फारच थोडे पडे, म्हणून असे झाले. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या, पण ताट वेगळे असलेल्या बायकांचे रक्तही वेगळे निघाले. मग दृष्ट आणि बाहेरचे यांना जागा उरली कुठे?

नंतर उंदरांना तसलेच जेवण देऊन पाहिले. उंदीरही पांढरे पडले. जेवणात यीस्ट मिसळले तर पडेनात. पुढे माकडांवरही हे पाहण्यात आले. येथे एक खरे सांगायला हवे, ते म्हणजे उंदरांच्या प्रयोगात उवांनी घोळ घातला होता. उवांमुळेही उंदरांचे रक्त कमी होऊ शकते, म्हणून त्या निकालांवर पुढे शंका घेतली गेली. भाची म्हणाली की शास्त्रात असे चालायचेच. पण बायकांच्या बाबतीत जे दिसले ते मात्र पक्के होते.

ते काय दिसले, हे सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल. १९२६ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवले होते की एका प्रकारच्या घातक पांडुरोगावर रोज पुष्कळशी कलेजी खायला दिली की रोगी वाचतो. याबद्दल १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण रोज पाव-पाव शेर कलेजी परळ-लालबागच्या कोणत्या बाईला परवडणार? ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांची तर गोष्टच सोडा. विल्सबाईंनी कलेजीचा अर्क देऊन पाहिला, तसाच मार्माइट नावाचा पदार्थही देऊन पाहिला. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. भाचीने कुतूहल म्हणून एक छोटी बाटली आणली होती. मी बोटाच्या टोकावर घेतला आणि नंतर दोन पेले पाणी प्यायले, इतका तो खारट! पण तो कलेजीच्या अर्काच्या मानाने स्वस्त होता आणि त्यात मांस नव्हते.

मार्माइट दिलेल्या बायकांना थोड्याच दिवसांत भूक लागू लागली. रक्त तपासले तर नव्या कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. मरणाच्या दारातून बाई परत येत होती आणि तेही डब्यातल्या एका काळ्या चाटणाने. हा निबंध जून १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या लंडनच्या मासिकात छापला गेला. विल्सबाईंच्या सगळ्या लिखाणात हाच निबंध सर्वांत गाजला, आणि आज नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही रक्ताच्या शास्त्राचा इतिहास लिहिणारा कोणीही तो टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्यातला गुणकारी पदार्थ कोणता, हे तेव्हा कोणालाच ओळखता आले नव्हते. म्हणून त्याला नुसते 'विल्स यांचा घटक' म्हणत.

त्या काळात त्यांचे काम एकट्या मुंबईत चालले नव्हते. उन्हाळ्यात त्या निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काम करीत आणि १९३१ च्या आरंभी मद्रासच्या 'कास्ट अँड गोशा' इस्पितळात होत्या. गोशातल्या, म्हणजे पडद्यातल्या बायकांसाठी असलेले हे इस्पितळ पुढे कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या. पण १९३७ च्या नोव्हेंबरात पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या, आणि या खेपेस पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंत पाच दिवस, जागोजागी थांबे घेत, आणि तिथून पुढे बोटीने मुंबई. पन्नाशीला टेकलेली बाई एकटी असा प्रवास करते! आपल्याला अजून पुण्याला एकटीने जायचे तर चार जणांना विचारावे लागते.

या काळातला आणखी एक निबंध मला १९३१ च्या निबंधाइतकाच मोलाचा वाटतो, जरी तो समजायला अवघड आहे. १९३८ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात विल्स आणि इव्हान्स यांनी तो लिहिला. कलेजीचा अर्क अधिकाधिक शुद्ध करीत गेले तर तो मायनट-मर्फींच्या रोग्यांना लागू पडे, पण विल्सबाईंच्या गरीब गर्भवतींना नाही. साधा, फारसा शुद्ध न केलेला अर्क मात्र त्यांना लागू पडे. अर्थ असा की शुद्ध करताना काहीतरी वेगळेच टाकून दिले जात होते. दोन्ही रोग्यांचे रक्त दिसायला सारखे, पण उणीव दोन वेगवेगळ्या पदार्थांची. भात पांढराशुभ्र दिसावा म्हणून आपण तांदूळ धुतधुतून त्यातले सत्त्व घालवतो, तसेच हे. एक उणीव बी-बारा या जीवनसत्त्वाची, हे १९४८ मध्ये उलगडले. दुसरी विल्सबाईंची.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. बी-बारा कमी असलेल्या माणसाने एकटे फॉलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-बाराची उणीव पुष्कळ आढळते. म्हणून मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

आता 'फॉलिक आम्ल' हे नाव कोठून आले ते सांगते. १९४१ मध्ये अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक पदार्थ चिमटीभर वेगळा काढला. चार टन! भाजीबाजारात पालकाचे किती गाडे होतील? लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल. यथावकाश कळले की यीस्टमधले, कलेजीतले आणि पालकातले हे सगळे एकाच कुळातले. विल्सबाईंचे नाव मागे पडले आणि पानाचे नाव राहिले. मला याचे थोडे वाईट वाटते, पण पालेभाजीला नाव मिळाले हेही काही कमी नाही.

पुढे हा पदार्थ कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. हे काम १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुब्बारावांचा भाऊ ऐन उमेदीत 'स्प्रू' नावाच्या आतड्याच्या दुखण्याने गेला होता, आणि फॉलिक आम्ल त्या दुखण्यावरही उपयोगी पडू लागले. नियतीचे हे कसले गणित म्हणावे!

विल्सबाईंच्या वाटेने पुढे गेलेले लोक तर अशा ठिकाणी पोहोचले की जिथे त्या स्वतः कधी गेल्याही नसतील. पेशींची वाटणी होण्यास फॉलिक आम्ल लागते, तर कर्करोगाच्या पेशींना ते मिळूच दिले नाही तर? बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाला अडवणारे औषध दिले. १९४८ मध्ये त्यांनी लिहिले की सोळांपैकी दहा मुलांना काही काळ तरी उतार पडला. तोपर्यंत त्या रोगावर काहीच चालत नसे. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही दिले जाते. गिरणीतल्या बाईला जे हवे होते तेच रोग्याच्या पेशींना नाकारून रोग्याला वाचवायचे! उलट्या टाक्याने नवे विणकाम साधावे, तसे हे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धागा दुसरा आहे. १९६५ मध्ये हिबर्ड आणि स्मिदेल्स या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये असे मांडले की बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू नीट न जुळण्याचा फॉलिक आम्लाच्या उणिवेशी संबंध असावा. पाठीचा कणा उघडा राहिलेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दांमागचे दुःख सांगायला नको. लोक पंचवीस वर्षे यावर वाद घालीत राहिले. मग सात देशांतल्या तेहेतीस ठिकाणी १८१७ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. या स्त्रियांना आधी असे मूल झालेले होते. ज्यांना फॉलिक आम्ल दिले त्यांच्यात असे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. हे १९९१ साली छापून आले. आणखी एक गोष्ट सर्व सासवांनी आणि नव्या सुनांनी ध्यानात ठेवावी. बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांतच जुळतो, म्हणजे पुष्कळजणींना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरले की लगेच सुरू करायची असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते तोपर्यंत त्या कामाची वेळ टळून गेलेली असते.

विल्सबाईंनी यातले काही पाहिले, काही पाहिले नाही. १९४४ च्या जुलैत रॉयल फ्री इस्पितळावर जर्मन उडता बाँब पडला. तशातही युद्धकाळात इंग्लंडमधल्या गर्भवतींना रेशनच्या खाण्यावर लोहाची गोळी दिल्यास रक्त किती सुधारते याचा अभ्यास त्या करीत होत्या, आणि तो १९४७ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या, म्हणजे कागदोपत्री. कारण पुढेही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी आहार आणि पांडुरोग यांच्या अभ्यासासाठी त्यांचे जाणे चालूच होते. अखेरची काही वर्षे त्या लंडनमधील चेल्सी विभागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. इस्पितळात मोठ्या हुद्द्यावर असतानाही सायकलीने जात. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० मध्ये, भारत सरकारने गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची देशव्यापी योजना सुरू केली. २०१८ पासून 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' या नावाने तिला नवे रूप आले. आशाताई जी लाल गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. हाफकिनच्या त्या काळ्या चाटणातले सत्त्व म्हणजे त्या गोळीतले हे ५०० मायक्रोग्रॅम. ते चिमूटभरही भरत नाही.

मग आपण सुटलो का? तर नाही. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के, आणि महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के, रक्त कमी असलेल्या आढळल्या. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सगळ्या स्त्रिया धरल्या तर महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के आहे. आधीच्या पाहणीत तो ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा तो वाढला! यातले बरेचसे दुखणे लोहाचे आहे, थोडे फॉलिक आम्लाचे, थोडे बी-बाराचे, काही जंतांचे. पण रस्ता चुलीवरूनच जातो, हे विल्सबाईंनी १९३० मध्ये छापून ठेवले होते.

गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत, ही आपल्या भागातली खरी रड आहे. कारणे मी स्वतः ऐकली आहेत. शौचाला काळे होते, मळमळते, बद्धकोष्ठ होते, आणि सर्वांत थोर कारण म्हणजे बाळ काळे होते! बाळाच्या रंगाचा आणि गोळीचा काडीइतका संबंध नाही. शौचाला काळे होणे हे लोहामुळे आणि ते निरुपद्रवी आहे. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी. मात्र चहाबरोबर घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मदत करते.

आणि स्वयंपाकाविषयी दोन शब्द. पालक, मेथी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत फॉलिक आम्ल चांगले असते, पण उष्णतेने ते नासते आणि पाण्यात उतरते. पालेभाजी चिरून मग धुण्याची आणि उकळून पाणी फेकण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. मोडाची उसळ आपल्याकडे आहेच. पण ती बाईच्या ताटात पडली पाहिजे. घरातली सगळी जेवून उठल्यावर पातेल्याच्या तळाशी रस्सा उरतो आणि मोड दुसऱ्यांच्या पोटात गेलेले असतात.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या चाळीतली एक नवी सून आली होती. सहावा महिना, डोळ्यांखाली काळे, नखे पांढरी. वाण देता देता मी तिला हळूच विचारले, "सकाळपासून काय खाल्लेस ग?" ती लाजली. "चहा आणि दोन बटर, काकी." गोळ्यांचे विचारले तर म्हणाली, "आहेत ना, घरी डब्यात आहेत." तिला मी आत माझ्या स्वयंपाकघरात नेले, मेथीची भाजी आणि भाकरी वाढली, वर लिंबू पिळले. ती जेवत असता तिच्या सासूबाईही शोधत शोधत आत आल्या. त्यांनाही ताट केले.